याकूबभाई आणि दोन सेंटीमीटर

तारीख १७ मे २०११, मंगळवार. चूक दोन सेंटीमीटरची, डाव्या बाजूला. हजर माणसं चार: टेबलावर उताणी झोपलेली माझी बायको कुंदा, तिच्या पोटाशी वाकलेले याकूबभाई, त्यांनी बोलावून आणलेल्या डॉक्टरबाई आणि दारात उभा असलेला मी. जागा अमरावतीतल्या एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची कोबाल्ट मशीनची खोली.

मी पाटबंधारे खात्यात आहे. धरणाची पातळी, कालव्याचा विसर्ग, पाऊस किती मिलिमीटर, हे रोज लिहिणं माझं काम. त्यामुळे काहीही सांगायचं तर तारखेपासून सांगायची मला सवय. याकूबभाईंबद्दल लिहायचं तर खरं म्हणजे त्यांच्या आवाजापासून सुरुवात करायला हवी. पण ते आज असते तर म्हणाले असते, "भाऊ, आधी आकडा सांगा, मंग बाकीचं." म्हणून आकडा आधी.

ते गेले त्याला आता वर्ष होईल. झोपेतच गेले. मी त्यांचा नातेवाईक नाही, शेजारी नाही. त्यांनी माझ्या बायकोला वीस शेक दिले, एवढाच आमचा संबंध. शेक म्हणजे कॅन्सरच्या गाठीवर कोबाल्ट मशीनमधून सोडलेली किरणं. आमच्या वऱ्हाडात त्याला शेकच म्हणतात. "डॉक्टरनं वीस शेक सांगितले", "आज सातवा शेक". ऐकणाऱ्याला वाटावं, कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून घ्यायला चाललेत. कुंदाच्या पोटात, पाठीच्या कण्याजवळ, गाठी होत्या. सलाईनमधली औषधं घेऊन झाली होती, गाठी आटल्या होत्या, उरलंसुरलं जाळायला हे वीस शेक.

याकूबभाई मूळचे बाळापूरचे. वडील पाट्या रंगवायचे. किराणा दुकानाच्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या, लग्नाच्या मांडवावरच्या. नागरी आणि उर्दू, दोन्ही अक्षरं वडिलांना सारखीच येत, आणि ब्रश धरून धरून लेकाचा हातही तिथेच स्थिर झाला. पुढे तो लेक शिकून रेडिओथेरपी टेक्निशियन झाला, पण रेष ओढणं सुटलं नाही, ब्रशच्या जागी हातात काडी आली. पेशंटच्या अंगावर किरणं कुठे पडायची त्याच्या रेषा आखाव्या लागतात. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, जांभळट रंगात बुडवायचा आणि एका दमात रेष ओढायची. त्यांची रेष पट्टीशिवाय सरळ येई. मी ड्रॉइंगच्या टेबलावर बरीच वर्षं काढलेली आहेत, मला असं जमत नाही.

ठेंगणा बांधा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्मा कायम कपाळावर. खिशाला एक छोटा बॅज. अंगाला किरणं किती लागली ते हा बॅज मोजतो, दर तीन महिन्यांनी तो तपासायला पाठवतात. काम संपलं की याकूबभाई तो काढून सावलीतल्या खिळ्याला अडकवत. एका शुक्रवारी घाईत तो शर्टावरच राहिला आणि ते बाळापूरच्या वाटेला लागले. मूर्तिजापूरला त्यांच्या लक्षात आलं. तिथेच बसमधून उतरून ते अमरावतीला परत आले, बॅज खिळ्याला लावला आणि पुन्हा बस धरली. मी म्हटलं, एक दिवस घरी नेला असता तर काय बिघडलं असतं?

"उन्हातान्हात फिरला तं खोटं बोलंन ना तो. एकदा खोटं बोलला का त्याचं खरं कोन ऐकते?"

शेकाच्या वेळी जाड दार बंद होतं आणि पेशंट खोलीत एकटा उरतो. बाहेर टेक्निशियन कॅमेऱ्यातून बघत असतो आणि त्याच्याकडे एक माइक असतो. हा माइक बहुतेक जण "हलू नका" एवढं सांगायला वापरतात. याकूबभाई त्यावर अखंड बोलत. अकोल्याच्या बाजारात तुरीचा भाव काय, बडनेऱ्याला गाडी किती लेट, सगळं. कुंदाला विचारत, "वहिनी, आज काय रांधलं?" आणि तिनं हलायचं नसल्यानं उत्तरही स्वतःच देत. "वांग्याची भाजी? तेल जास्त टाकलं असंन. श्वास घ्या बाप्पा, श्वास घ्या! श्वास रोका म्हननारे ते बाजूच्या एक्स-रेवाले. आमी इतके जालीम नाई."

नांदगाव खंडेश्वरकडचे एक आजोबा आमच्याबरोबर शेकाला येत. पहिल्या दिवशी पोटावरच्या चौकोनाकडे बघून ते म्हणाले, "साहेब, मोजनी तं झाली. आता हद्दीचे गोटे कवा गाडता?"

"गोटा तुमच्या पोटातच हाय आजोबा," याकूबभाई म्हणाले, "तोच काढासाठी मोजून राहिलो."

दाराबाहेर बाकावर नंबराची वाट बघणारी सगळी हसली. आजोबा सर्वांत जास्त.

पण रेष पुसली तर मात्र याकूबभाई वाईट रागावत. मे महिना, पारा चव्वेचाळीसवर, अंगावर घामाच्या धारा, आणि रेष महिनाभर टिकवायची. ते बायकांना सांगत, जुनी सुती साडी नेसा, तिथे साबण लावू नका, पाणी तेवढं वरून जाऊ द्या. तरी कोणाची ना कोणाची पुसायचीच. मग आवाज बाहेर बाकापर्यंत यायचा. "ही माह्या हातची रेष हाय! पुन्ना पुसली तं टेबलावर घेनार नाई, सांगून ठेवतो!" एक बाई तर रडत बाहेर आली होती. तिची रेष पंधरा मिनिटं खपून त्यांनीच पुन्हा काढून दिली, पण बाकावर चर्चा रागावण्याचीच झाली.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, एवढी काय ही रेष? थोडी इकडे-तिकडे झाली तर? त्यांनी कुंदाच्या पाठीकडे बोट दाखवलं.

"भाऊ, गाठी मधी हायेत. आजूबाजूले दोन किडन्या. आमी वर शिशाचे ठोकळे ठेवतो, किडनीवर सावली पडाले पायजे म्हनून. रेष सरकली का सावली सरकते. अन् किडनी कशी असते, सांगू का? मांगच्या खोलीतल्या दोन जावा. समोरच्या खोलीत पाहुने बसून हायेत, गप्पा चालू हायेत, चहा येऊन राहिला, कोनाले पत्ता नाई का मांगं एक जाऊ आजारी हाय अन् दुसरी दोघींचं काम करून राहिली. पोटाले लागलं तं उलटी होते, कातडीले लागलं तं लाल होते. किडनीले लागलं तं सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त, काईच सांगत नाई. सांगते तवा उशीर झालेला असते."

हे मी नीट ऐकलं होतं. तरीही जे केलं ते केलं.

मंगळवारी, दहा तारखेला, घरचा कूलर बंद पडला. संध्याकाळपर्यंत कुंदाच्या पोटावरच्या डाव्या बाजूच्या रेषेचा नुसता डाग उरला. ती घाबरली. शेकाला घाबरत नव्हती ती, पण याकूबभाईंच्या रागावण्याला घाबरली. "सगळ्या बाकासमोर ते मला बोलतील," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, माझ्याकडे मापं आहेत. पहिल्याच दिवशी घरी आल्यावर मी तिला पलंगावर झोपवून सगळ्या रेषांची मापं डायरीत घेतली होती. बेंबी हलते म्हणून बेंबीपासून न घेता कमरेच्या हाडापासून घेतली होती. आम्ही पातळी मोजताना पक्क्या दगडावरची खूण धरतो, तसं. अकरा पूर्णांक चार सेंटीमीटर. मला माझं कौतुकही वाटलं होतं.

बुधवारी सकाळी मी मेडिकलमधून जांभळं औषध आणलं. पलंगावर उजेड कमी होता, म्हणून कुंदाला खिडकीशी उभं केलं. तिनं डाव्या हातानं साडी वर धरली. मी स्टीलची पट्टी लावली, हाडापासून अकरा पूर्णांक चार मोजले आणि याकूबभाईंच्या वळणाची रेष ओढली. तीन वेळा मोजून बघितली. बरोबर.

माप झोपवून घेतलेलं होतं आणि रेष मी उभं करून काढली. उभं राहिल्यावर, हात वर धरल्यावर, कातडी हाडावरून सरकते. हाड पक्कं होतं, कातडी नव्हती. हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, सोमवार. चार शेक त्या रेषेवर झाले. मंगळवारी कुंदा टेबलावर झोपली, याकूबभाईंनी दिवा लावला, रेषेवर प्रकाश जुळवला आणि थांबले. चष्मा कपाळावरून खाली आला. मी दाराबाहेरच होतो. त्यांनी मला आत बोलावलं.

"वहिनी, हा तीळ रेषेच्या बाहेर होता ना?"

तीळ आता चौकोनाच्या आत होता. याकूबभाईंनी पट्टी लावली. दोन सेंटीमीटर. ते गेले आणि डॉक्टरबाईंना घेऊन आले. मग त्यांनी मला विचारलं, अगदी हळू आवाजात, "भाऊ, रेष तुमी काढली?"

"हो. मापानं काढली."

"काहून?"

मी उत्तर द्यायच्या आधी कुंदाच बोलली, छताकडे बघत. "तुम्ही रागावाल म्हणून."

याकूबभाई टेबलाच्या कडेला हात ठेवून उभे राहिले. डॉक्टरबाई कागदावर काहीतरी गणित करत होत्या. मला वाटलं, आता हा माणूस फुटणार, आणि मी त्याची वाट बघत होतो, कारण रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "म्हंजे गलती माही हाय."

डॉक्टरबाईंनी सांगितलं की चार शेकांत डाव्या किडनीचा आतला भाग उघडा पडला आहे. पुढच्या शेकांत ठोकळे बदलून जमेल तेवढी भरपाई करू. कदाचित काहीच होणार नाही. पण ते आज कळणार नाही.

त्या विभागात त्यांच्याहून जुने एक टेक्निशियन होते. त्यांनी याकूबभाईंना बाजूला घेऊन सांगितलेलं मला ऐकू आलं. "अरे, रेष नीट कर आन् सोड. लिहितो कशाले? पेशंटनं स्वतः काढली, तुझा काय संबंध?"

"पेशंटनं काढली. पन चार दिवस टेबलावर कोनं घेतली?"

त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं. आठवा ते अकरावा शेक, रेष दोन सेंटीमीटर डावीकडे, तपासणारा मी, लक्षात आलं नाही. खाली सही. त्याचा त्यांना मेमो मिळाला. निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली होती, तोवर एकही मेमो नव्हता. मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, "घेतला मेमो. कागदच हाय, चावत नाई."

पण त्या दिवसापासून त्यांचं रागावणं बंद झालं. हे मी ऐकीव सांगत नाही. कुंदाचे पुढचे नऊ शेक मी रोज त्या बाकावर बसलो होतो. विसावा शेक झाला त्या दिवशी भिंतीवर एक नवी पाटी दिसली. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं, खाली तेच उर्दूत, ब्रशची वळणं वडिलांची. "रेषा पुसली तर आम्हाला सांगा. स्वतः काढू नका. कोणी रागावणार नाही." शेवटचं वाक्य बाकीच्यांपेक्षा मोठ्या अक्षरात होतं. आमचे नांदगावचे आजोबा ती पाटी वाचून म्हणाले, "हे लेखी देल्लं, ते बरं केलं."

शेक संपले. गाठी गेल्या. आणि याकूबभाईंचे फोन सुरू झाले.

आधी दर तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षातून दोनदा. निवृत्त होऊन बाळापूरला गेल्यावरही चुकले नाहीत. फोनवर मला ते फार वेळ देत नसत. "भाऊ, बरे हाय ना? द्या वहिनीले." मग तीच यादी. बीपी किती? कोणत्या हाताचं? लघवीत प्रोटीन बघितलं का? क्रिएटिनिन किती? क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, किडनीनं गाळून टाकायचा असतो तो. शिल्लक वाढली म्हणजे गाळणी कमी पडतेय. कुंदाचा आकडा बरीच वर्षं शून्य पूर्णांक आठ होता. मी तो डायरीत लिही, ते त्यांच्या वहीत लिहीत. कधी आकडे जुळत नसले तर मला परत फोन येई.

एक भांडण मात्र कायमचं होतं, मिठाचं. त्यांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं.

"मीठ नाही तर भरीत खायचं कसं?" कुंदा फोनवर म्हणे.

"तोंडानं."

"तुम्ही खाऊन बघा एकदा."

"मी खाऊन राहिलो ना वहिनी. तुमच्यासोबत मी बी सोडलं."

ही गोष्ट खोटी होती, हे आम्हाला पुढे त्यांच्या घरी जेवल्यावर कळलं. त्यांच्या बेगमनं आमच्यासमोरच सांगितलं, "ये? ये तो अचार के बगैर निवाला नहीं तोडते." याकूबभाई ताटाकडे बघत राहिले.

एकदा अकोल्यात कुंदाच्या भावाकडे लग्न होतं. याकूबभाईंनाही बोलावलं होतं, ते बाळापूरहून आले होते. कुंदाचा गुडघा दुखत होता. भावानं मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी तिच्या हातावर ठेवली. पंगतीच्या पलीकडून याकूबभाई उठून आले, तिच्या हातातली गोळी उचलली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"अहो, साधी गोळी आहे," भाऊ म्हणाला.

"साध्या मानसाले साधी. वहिनीच्या डाव्या जावेले नाई."

कुंदाच्या भावाला वाटलं, हे कुठल्या तरी नातेवाईक बाईबद्दल बोलताहेत. कुंदाला हसू आवरेना. गुडघा तिनं दोन दिवस गरम वाळूच्या पुरचुंडीनं शेकला. आपला साधा शेक.

दोन हजार बावीसच्या दिवाळीनंतर आकडा हलला. शून्य पूर्णांक आठचा एक पूर्णांक एक, सहा महिन्यांनी दीड. बीपी एकशे सत्तर. लघवीत प्रोटीन. अकोल्याच्या किडनीच्या डॉक्टरांकडे सोनोग्राफी केली. उजवी किडनी दहा पूर्णांक चार सेंटीमीटर, डावी सात पूर्णांक नऊ. आकसलेली. डावी.

डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं. किडनीत बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते असतात, तीच गाळणी. किरणांनी त्या वाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं. लगेच कळत नाही. मग वर्षानुवर्षं त्या हळूहळू आकसतात आणि गाळणीच्या जागी जखमेच्या वणासारखा घट्ट भाग तयार होतो. रक्त कमी मिळालं की किडनी अंगातलं प्रेशर वाढवते, आणि वाढलेलं प्रेशर उरलेल्या चांगल्या गाळण्यांना मारतं, उजवीकडच्याही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखता येतं.

मी विचारलं, यातलं किती त्या चार शेकांमुळे?

"ते कोणीच सांगू शकणार नाही," डॉक्टर म्हणाले. "बाकीच्या सोळा शेकांतही किडनीला थोडे किरण लागतातच, टाळता येत नाहीत. वय आहे, प्रेशर आहे."

मला ते उत्तर पुरलं नाही. मी घरी येऊन तीन आठवडे कागद भरले. चार भागिले वीस. दोन सेंटीमीटर गुणिले किडनीची उंची. इंटरनेटवरचे लेख. मग सगळे कागद घेऊन एकटाच बाळापूरला गेलो. याकूबभाईंच्या ओसरीवर बसून त्यांना दहा पानं दाखवली. त्यांनी एकेक पान चष्मा लावून वाचलं, कुठेच घाई केली नाही.

"भाऊ, हे तुमी कोनासाठी करून राहिले?"

"मला कळायला हवं. तिची किडनी मी घालवली की नाही."

"वहिनी काय म्हनते?"

"ती म्हणते, वीस शेक नसते तर मी बारा वर्षांपूर्वीच गेले असते, आता किडनीचं बघू. ती तसंच म्हणणार."

"तसंच काहून म्हननार? तिले बोलता येते. तिनं मले बी त्या दिवशी टेबलावरून तोंडावर सांगितलं होतं, तुमी रागावाल म्हनून." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मले बी हे गनित पायजे होतं. मी बी केलं. माहं उत्तर तुमच्याहून वेगळं येते. माह्या गनितात तुमची रेष नाई, माहं रागावनं हाय. पन दोन्ही गनितं चुकीची हायेत. ज्याच्यात वहिनीचं उद्याचं बीपी नाई, ते गनित काय कामाचं?"

मग ते आत गेले आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. आत रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स होती, आणि चारही दिवस ठोकळे कुठे होते, प्रकाशाचा चौकोन किती होता, याची त्यांच्या हातची आकृती. बारा वर्षं त्यांनी जपून ठेवली होती.

"हे डॉक्टरले द्या. त्याले कामात येईन. तुमची दहा पानं राहू द्या."

डॉक्टरांना ते खरोखरच कामी आलं. त्या आकृतीवर त्यांनी सोनोग्राफी ठेवून बघितली. आकसलेला भाग आणि उघडा पडलेला भाग जवळजवळ सारखाच होता. म्हणजे दुसरा काही आजार असेल म्हणून सुई घालून किडनीचा तुकडा काढायचं त्यांच्या मनात होतं, ते टळलं. किडनी राखणारी प्रेशरची गोळी सुरू झाली. "असं कोणी लिहून ठेवत नाही हो," डॉक्टर म्हणाले. मी त्यांना मेमोचं सांगितलं नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातून मिळालं, हेही लिहायला हवं. निदान डाव्या किडनीतलं बरंचसं माझ्या रेषेखालचं होतं. मी ते कुंदाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "बरं. आता उजवी सांभाळा." आणि मला दुधाची पिशवी आणायला पाठवलं.

शेवटची भेट अकोल्यात, दोन हजार चोवीसच्या जूनमध्ये, किडनीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. कुंदाचा सलग तिसरा रिपोर्ट होता. हा आकडा वाढला असता तर तो वाढतच जाणार आणि पुढे कधीतरी डायलिसिस, हे आम्हा दोघांना माहीत होतं. याकूबभाईंना फोनवर सांगितलं होतं, येऊ नका, ऊन फार आहे. ते आमच्या आधी येऊन बाकावर बसले होते, डोक्याला ओला पंचा गुंडाळून.

आकडा आला. दीड. आधी दीड, त्याआधी दीड.

"थांबला," डॉक्टर म्हणाले.

याकूबभाईंनी रिपोर्ट माझ्या हातून घेतला, स्वतः वाचला, तारीख वाचली, नाव वाचलं, मग आकडा पुन्हा वाचला. "चालते," ते म्हणाले, आणि पंच्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते.

आम्ही उठणार तेवढ्यात कुंदा म्हणाली, "याकूबभाई, तुमचं बीपी किती?"

"मले काय झालं?"

"किती ते विचारलं."

"चांगलं हाय."

"कधी मोजलं?"

ते छताकडे बघू लागले. "नोकरीवर होतो तवा एकदा मोजलं होतं..."

"अकरा वर्षं!" कुंदा नर्सकडे वळली. "सिस्टर, यांना पट्टा बांधा. पळाले तर मला सांगा."

"वहिनी, माही बस हाय."

"बस दर अर्ध्या तासाला आहे. बाही वर करा."

एकशे शहात्तर, एकशे चार. दुसऱ्या हाताचं त्याहून जास्त. डॉक्टरांनी त्यांना तिथेच बसवून गोळी लिहून दिली, लोणचं बंद सांगितलं, दोन आठवड्यांनी परत बोलावलं. याकूबभाई शाळेत उभं केल्यासारखे मान हलवत राहिले. मेडिकलच्या काउंटरवर त्यांनी पाकीट काढलं तर कुंदानं ते परत त्यांच्या खिशात घातलं. तारखेची चिठ्ठी तिनं स्वतःकडे ठेवली. "दर रविवारी मी फोन करणार. आकडा तयार ठेवा. खोटा सांगितला तर भाभींना विचारीन."

बस लागली होती. ते खिडकीशी बसले. पट्ट्यासाठी वर केलेली एक बाही तशीच वर राहिली होती. गोळ्यांच्या डबीतला बारीक अक्षरांचा कागद उलगडून ते हाताच्या अंतरावर धरून वाचत होते, चष्मा कपाळावर. कंडक्टर शेजारी उभा राहून दोनदा तिकीट म्हणाला, त्यांना ऐकू गेलं नाही. बस सुटली तरी ते वाचतच होते.

डॉक्टरांनी याकूबभाईंची फी घेतली नाही. गोळ्यांचे अठ्ठ्याण्णव रुपये झाले. ते कुंदानं मेडिकलवाल्याला दिले.